रिकॉलच्या रकान्यातलं एक नाव

...तर रिमेंबर आणि रिकॉल एकच ना, असं मागच्या पोस्टवर बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तेव्हा मी एकदम पुस्तकी उत्तर दिलं. परवा कडेगावच्या पुढे एका वस्तीवर जाऊन आले आणि आता ते उत्तर मलाच अपुरं वाटतंय.

पुस्तकी फरक एवढाच... रिमेंबर म्हणजे आत कुठेतरी असणं. रिकॉल म्हणजे कुणी हिंट न देता ते स्वतःहून बाहेर काढता येणं. मी सांगलीत सायकॉलॉजी शिकते, आणि आमच्या मेमरी टेस्टमध्ये मार्क असतात ते रिकॉलला. ओठांवर आलं तर एक, नाही आलं तर शून्य.

त्या वस्तीवर आमच्या कॉलेजचा ज्येष्ठांसाठी मेमरी तपासणीचा कॅम्प होता. हौसाआजींना त्यांची सून सुमनताई घेऊन आली. (दोघींचीही नावं बदलली आहेत.) गेल्या महिन्यात आजी शेळ्या चारायला गेल्या आणि घरची वाट चुकल्या. मुलाने सांगूनच टाकलेलं, टेस्टमध्ये काही निघालं तर चारही शेळ्या विकायच्या.

"शेळ्या गेल्या तर म्या दिसभर करू काय? भिताडाकडं बगत बसू?" आजी बसता बसताच म्हणाल्या.

तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, दोन परत आले. गावाचं नाव, नातवंडांची नावं... सगळं बरोबर. मग मी विचारलं, "आजी, तुमच्या मालकांचं नाव काय?"

आजींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली बघायला लागल्या. ऐकू आलं नसेल म्हणून मी मोठ्यांदा विचारलं... तरी गप्प. मी शून्य लिहिलं. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, मनात आलं, अगदी पुस्तकातली केस आहे ही!

सुमनताईंना हसू आवरेना. "आवं मॅडम, आत्याबाई नाव घेत्यात व्हय? मामांजी हुते तवासुदीक कवा घेतलं न्हाई. थांबा, मी लिवून देती."

मला इतकं लाजल्यासारखं झालं... फलटणला माझी स्वतःची आजी आजोबांना आयुष्यभर "अहो, ऐकलं का" म्हणत आली. तरी इंग्लिश मीडियमच्या माझ्या डोक्यात हे आलंच नाही. मी घाईघाईने ते शून्य खोडायला लागले.

आजींनी माझा हात धरला. "खोडू नगं बाय. मलाबी कळू दे... जलमात तोंडातनं काडलं न्हाई. अजून डोस्क्यात हाय का त्येबी वाटंतच पडलं, बोलल्याबगर कसं कळायचं?"

सुमनताईंचं हसू तिथेच थांबलं.

आजी उठल्या आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू एक नाव आलं. थोडं थांबून परत, जरा मोठ्यांदा. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

वळून त्यांनी सुनेला विचारलं, "हाय का गं बरूबर?"

"बरूबर हाय, आत्याबाई." सुमनताई पदराने नाक पुसत होत्या.

मी एक मार्क दिला. टोटल तरी काठावरच राहिली... कॅम्पच्या डॉक्टरांनी मुलाला निरोप दिला, शेळ्या तूर्त असू द्या, पण आजींना एकटं पाठवू नका. सहा महिन्यांनी परत दाखवा.

जाताना आजी सुनेला म्हणाल्या, "घरात कुणाला सांगू नगंस, म्या नाव घेतल्यालं."

"न्हाई वं. आन सांगून कुणाला खरं वाटतंय?"

शेळ्या वाचल्या म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. पण सहा महिन्यांनी कुणीतरी हाच फॉर्म घेऊन बसणार आणि आजींना हाच प्रश्न विचारणार. जे नाव त्यांनी जन्मभर मानाने आत ठेवलं, ते आमच्या एका रकान्यासाठी त्यांना भिंतीकडे तोंड करून बाहेर काढावं लागलं...

आणि तरी, ते नाव अजून शाबूत आहे हे आजींनाही त्या दिवशीच कळलं.

कॉलेजच्या सरांना सांगून तो प्रश्न फॉर्मवरून काढायला लावू, की राहू दे? तुम्हाला काय वाटतं?