आर्डिस ब्रेक्केची काडतुसं

टॉर्सन गावात एखादीचा नवरा वारला की पहिल्या आठवड्यात शेजारणींचे खिमा-बटाट्याचे ट्रे येतात आणि दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याच्या अवजारांवर डोळा असलेला एखादा नातेवाईक. आर्डिस ब्रेक्केकडे तो ट्रे रिकामे व्हायच्या आतच आला. लाइल, तिच्या मर्लिनचा थोरला भाऊ. कॉफीचा दुसरा मग संपवून त्याने मुद्द्याला हात घातला. शेडमधलं काडतुसं बनवायचं टेबल, त्यावरचा हातप्रेस, साचे, ताजवा, सगळं आपल्याकडे न्यावं म्हणतो. बाईमाणसाला त्याचा काय उपयोग, आणि पडून पडून गंज चढायचा.

आर्डिस म्हणाली, बघू.

उत्तर मोंटानात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. लाइलचा जन्म तिथलाच. पण आपल्याला न परवडणारे अर्थ माणसं कानाआड करतात.

ब्रेक्के भावांकडे बापाने एकाच हिवाळ्यात घेतलेल्या दोन सारख्या रायफली होत्या. बावीस हॉर्नेट. पेन्सिलीहून बारीक गोळी, आवाज बेताचा, गवताच्या कुरणात बिळं करून गाईंचे पाय मोडणाऱ्या खारींसाठी अगदी योग्य. हॉर्नेटची तयार काडतुसं दुकानात क्वचितच मिळत, त्यामुळे ज्याच्याकडे हॉर्नेट तो आपली काडतुसं आपण भरी. वापरलेली पितळी पुंगळी जपून आणायची, तिच्या बुडातली ठिणगी देणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, बंदुकीची दारू तोलून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबायची. आणि एक दंडक होता, तो चर्चच्या दहा आज्ञांपेक्षा जास्त पाळला जाई: दुसऱ्याने भरलेलं काडतूस उडवायचं नाही. कुणी किती दारू घातली ते त्याचं त्यालाच ठाऊक. हा दंडक सगळ्यांत जोरात सांगणारा लाइल. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालली की तो म्हणे, “एक वेळ दुसऱ्याच्या ब्रशने दात घासेन, पण दुसऱ्याचं काडतूस माझ्या रायफलीत घालणार नाही.” वीस वर्षं लोक या वाक्याला हसत आले होते.

आर्डिसने टेबल का धरून ठेवलं, याच्या तीन-चार आवृत्त्या गावात फिरत होत्या. कुणी म्हणे प्रेमापोटी, कुणी म्हणे लाइलवरच्या रागापोटी. तिने स्वतः हार्डवेअरवाल्या गॉर्डी थूनला एवढंच सांगितलं की तिथला स्टूल बसायला बरा आहे.

गॉर्डीने तिला काडतुसं भरायचं एक पुस्तक दिलं आणि दोन प्रश्न विचारले. शेडमध्ये दारूचा जुना डबा आहे का? आहे. त्यावर नाव आहे? नाही, मर्लिनने ती कॉफीच्या डब्यात ओतून ठेवली होती. “मग ती रेवाचिनीच्या वाफ्यात पसर,” गॉर्डी म्हणाला. “झाडं फोफावतील. नाव नसलेली दारू बंदुकीत घालणारे लोक मला माहीत होते. आता नाहीत.” तिने नवा सीलबंद डबा घेतला, आणि पुस्तकातल्या दारूच्या सगळ्यात कमी आकड्यापासून सुरुवात करायची हेही ऐकून घेतलं.

पहिल्याच संध्याकाळी तिने पुंगळीला ग्रीसचं बोट न लावता ती साच्यात दाबली. पुंगळी आत जी रुतली ती निघेना. दुसऱ्या दिवशी साचा पर्समध्ये घालून ती दुकानात गेली. गॉर्डीने ड्रिल लावून पुंगळी बाहेर काढली आणि ती गल्ल्यामागच्या बरणीत टाकली. त्या बरणीत गावातल्या निम्म्या इभ्रतदार पुरुषांच्या अशाच पुंगळ्या होत्या. ती बरणी बघून आर्डिसला बरं वाटलं, असं म्हणतात.

मग खरी अडचण आली. हॉर्नेटच्या पुंगळीचं तोंड कागदासारखं पातळ. गोळी दाबायला दांडा खाली ओढला की तोंड चुरगळायचं. पहिल्या वीसांतली चौदा गेली. आतली कड खरवडून बघितली, तेव्हा जरा कमी जायला लागली. उरलेलं तिला स्वयंपाकघरात सुचलं. नाताळाच्या बटाट्याच्या पोळ्या ती चाळीस वर्षं लाटत होती. पातळ पोळी एका झटक्यात लाटायला गेलं की फाटते. थोडं लाटायचं, पोळी फिरवायची, पुन्हा थोडं. तिने गोळी अर्धी दाबली, काडतूस अर्धं वळण फिरवलं, मग उरलेली दाबली. तोंड सरळ राहिलं. त्या आठवड्यात तिने बारा काडतुसं भरली आणि एकही चुरगळलं नाही.

त्याच सुमारास तिने मर्लिनची वही उघडली. प्रत्येक वसंतात भरलेल्या काडतुसांची नोंद होती: कोणती दारू, किती, काडतुसाची लांबी. पण दर वर्षी नोंदी दोन होत्या. एक ‘माझी’. दुसरी, लांबीत केसभर फरक असलेली, ‘लाइलची, पन्नास’. वीस वर्षं. दंतब्रशवाल्या लाइलने जन्मात एकही काडतूस भरलं नव्हतं.

आर्डिसने वही मिटली, फडक्याने पुसली आणि जागेवर ठेवली. कुणाला सांगितलं नाही. टॉर्सनमध्ये हे मौन म्हणजे बँकेतल्या ठेवीसारखं. जितकं राहील तितकं वाढतं.

मे महिन्यात लाइलने तळघरात सगळ्यांसमोर तिला डिवचलं. म्हणाला, जूनच्या नेमबाजीत आर्डिसने आपल्या हातची पाच काडतुसं शंभर यार्डांवरून लोणच्याच्या बरणीच्या झाकणात घातली, तर मी टेबलाचं नाव काढणार नाही. नाही घातली, तर सोमवारी पिकअप घेऊन येतो. लोकांनी आर्डिसकडे पाहिलं. तिने केकचा तुकडा कापला आणि म्हणाली, ठरलं.

जूनमध्ये वारा होता. पहिल्या चार गोळ्या झाकणात गेल्या. पाचवी बोटभर बाहेर. गॉर्डीने दुर्बिणीतून दोनदा पाहिलं, पण बोटभर म्हणजे बोटभर. लाइलने टोपी मागे सरकवली आणि सोमवारी दहाला येतो म्हणाला. घरी जाताना तो शीळ घालत होता, हे तीन जणांनी स्वतंत्रपणे सांगितलं.

सोमवारी आर्डिसने शेडचं दार उघडंच ठेवलं होतं. टेबलावर कॉफी होती आणि शेजारी एक रिकामी पुंगळी.

“शब्द म्हणजे शब्द,” ती म्हणाली. “ने टेबल. फक्त नेण्याआधी एक भरून दाखव. मी अजून शिकतेय, तुझा हात बघून घेते.”

लाइल म्हणाला की आज घाई आहे.

“पाच मिनिटांचं काम. वीस वर्षांचा हात तुझा.”

तो स्टूलवर बसला. पुंगळी उचलली, उलटी-सुलटी बघितली. ग्रीसकडे त्याचं लक्ष गेलं नाही. पुंगळीची टोपी आणि दारू या दोन्ही गोष्टी विसरून त्याने थेट गोळी तोंडावर टेकवली आणि दांडा हिसकला. तोंड चुरगळून गोळी तिरपी झाली. आर्डिसने कॉफीचा कप त्याच्याकडे सरकवला.

“मर्लिनने कधी शिकवलंच नाही,” लाइल अखेर म्हणाला.

“तू विचारलंस कधी?”

त्याने विचारलं नव्हतं. धाकट्या भावाला विचारायचं तर आधी येत नाही म्हणावं लागलं असतं, आणि तोवर ब्रशवालं वाक्य गावभर झालं होतं. मर्लिन गेला तेव्हा त्याच्याकडे सात काडतुसं उरली होती. आता दोन. टेबल घरी नेऊन दार लावून हळूहळू जमवू, असा त्याचा बेत होता. हे त्याने कपाकडे बघत सांगितलं.

आर्डिसने चुरगळलेलं काडतूस त्याच्या हातून घेतलं. “टेबल हलणार नाही,” ती म्हणाली. “गुरुवारी ये. तुझ्या पुंगळ्या घेऊन ये. मी तुझ्यासाठी एकही भरणार नाही, दांडा तूच ओढायचा.”

“आणि गावात?”

“गावात काय? मी हरले ना. तू दर गुरुवारी हप्त्याहप्त्याने टेबल नेतोयस, असं सांग.”

पिकअप रिकामी परत गेली. आत काय बोलणं झालं ते गावाला जेवणाच्या वेळेपर्यंत कसं कळलं, याची चौकशी कुणी केली नाही. दोघांनीही एकमेकांवर संशय घेतला आणि तेवढ्यावर भागलं. लाइल दर गुरुवारी गाडी चर्चमागे लावून चालत येतो. आतापर्यंत त्याने अकरा पुंगळ्या चुरगळल्यात, एक साच्यात रुतवलीय. ती काढायला दुकानात जाणं त्याने सपशेल नाकारलं, म्हणून आर्डिस साचा पर्समध्ये घालून घेऊन गेली. पुंगळी कुणाची, असं गॉर्डीने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.