बंदूक खाली ठेवायचं बटण

आमच्या केजला फौजेतून कुणीही परतलं की तो मेजर होतो. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण एसटी स्टँडवर उतरलो तेव्हाच एका जीपवाल्यानं "मेजर, बसा पुढं" म्हणून मला बढती देऊन टाकली. नंतर मी गावाबाहेर भरतीची अकॅडमी काढली. अकॅडमी म्हणजे फक्की मारून आखलेला ट्रॅक, लटकून पुल-अप मारायचे दोन लोखंडी बीम, एक पत्र्याची खोली आणि दिवस उगवायला येणारी पन्नास-साठ पोरं-पोरी. अशा ठिकाणी किस्से शोधावे लागत नाहीत. दर बॅच दहा-बारा मागे ठेवून जाते आणि स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या मंडळींना चहाबरोबर तेच लागतात.

त्यात शाळेतून निवृत्त झालेले शिंदे सर आहेत. त्यांनी कुठंतरी वाचलं की परदेशात ड्रोन उडवायला म्हणे गेम खेळणारी पोरं घेतात. तेव्हापासून त्यांनी माझ्या मागं एकच टुमणं लावलंय. "मेजर, ही पोरं दिवसभर मोबाइलवर लढाया करत्यात. खऱ्या लढाईत त्याचा काही उपयोग होतो का न्हाई?"

हो किंवा नाही असं एका शब्दात मला सांगता येत नाही. जे बघितलं ते सांगतो.

*

विष्णूला त्याचे वडील घेऊन आले. पाटोद्याकडची माणसं. वडिलांना सगळे बप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

"मेजर, ह्यो दोन वर्सं झालं मोबाइलात युद्ध करतुय," बप्पा म्हणाले. "आता तुमीच बघा. भरती झाला तर झाला. न्हाई तर दिवाळीनंतर कोयता हाय."

कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. म्हणून बप्पांनी मुलगीसुद्धा बघून ठेवली होती. वयाच्या अटीत विष्णूच्या वाट्याला दोनच भरत्या उरल्या होत्या. मी बप्पांना म्हटलं, "पोराची जबाबदारी माझी." असलं वाक्य बोलून जायला काही लागत नाही.

माझ्या फॉर्मवर 'अनुभव' नावाचा एक रकाना आहे. पोरं तो कोरा सोडतात. विष्णूनं लिहिलं, 'चार वर्षे, रोज तीन तास.' बप्पांना त्यातली दोनच माहीत होती.

"सर, आठ परकारच्या बंदुका येतात मला," तो म्हणाला.

मी खोलीतून लाकडी बंदूक आणली. आत लोखंडी पट्टी घालून ती खऱ्या बंदुकीच्या वजनाची केलेली आहे. म्हटलं, ही दोन्ही हातांनी डोक्यावर धर आणि ट्रॅकला एक चक्कर मार. अर्ध्या चकरेत बंदूक डोक्यावरून कपाळावर आली. माझ्याजवळून जाताना त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, खाली ठिवायचं बटन कुठं हाय?"

*

आता गेमच्या बाजूनं एक सांगतो, नाहीतर शिंदे सर म्हणतील मेजर एकतर्फी बोलतात.

होकायंत्र शिकवायचं मी होईल तितकं पुढं ढकलतो. डिग्री, दिशा, नकाशा यांत मीच फौजेत पंधरा दिवस घालवले होते आणि दोन शिक्षा खाल्ल्या होत्या. त्या बॅचला मी समोरचं लिंबाचं झाड दाखवून म्हटलं, "त्याची दिशा कशी सांगणार?"

पाठीमागून चार-पाच पोरं एकदम बोलली, "एकशेवीसवर, सर. झाडामागं कुणी हाय का बघावं लागंल."

होकायंत्र लावून बघितलं. एकशे अठरा. गेममध्ये म्हणे वरच्या बाजूला आकडे फिरत असतात आणि पोरं दिवसभर एकमेकांना तेच ओरडून सांगतात. मी पंधरा दिवसांचा धडा एका सकाळी संपवला आणि उरलेल्या चौदा दिवसांचं काय करायचं हे मला कळेना. शिंदे सर तर हॉटेलात अशा थाटात बसले, की होकायंत्राचा शोध त्यांनीच लावला असावा.

*

फौजेत लढाई कमी आणि पहारा जास्त. हे कुणी सांगितलं तर पोरांना पटत नाही. म्हणून मी त्यांना तेलगावच्या रस्त्यालगत बसवलं आणि सांगितलं, दोन तास रस्ता बघायचा. जे जाईल ते ध्यानात ठेवायचं, मोबाइल खोलीत.

दहा मिनिटांत विष्णू उठून आला. "सर, कायीच होत न्हाई."

"मग?"

"मग बघायचं काय?"

"काहीच होत नाही, हे बघायचं."

दोन तासांनी विचारलं, तर पोरांनी सांगितलं, जीपा गेल्या, ट्रॅक्टर गेले. मग शीतल उभी राहिली. तिचं लहानपण आई-बापाबरोबर ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत गेलेलं. ती म्हणाली, "पांढऱ्या जीपमधी जाताना अकरा लोकं होती. येताना नऊ. आन ट्रॅक्टरच्या मागल्या चाकात हवा कमी हाय, पुढं कुठंतरी बसंल त्यो."

"तुला हे कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई, सर. आई-बाप फडात गेल्यावर कोपीवर बैलं, भांडी आन दोन भावंडं संबाळायची. यातलं एकजरी हरवलं तर मार बसायचा."

शीतल आता पोलिसात आहे. गेम तिनं आजपर्यंत खेळलेला नाही.

*

विष्णूच्या हातातली पहिली भरती कशी गेली ते ऐका.

सोळाशे मीटरला त्याचा दम चांगला होता, मी घड्याळ लावून बघितलेलं. तरी गडी शेवटून तिसरा आला. संध्याकाळी माझ्यासमोर मान खाली घालून उभा.

"पाय दुखावला का?"

"न्हाई."

"मग कामून मागं ऱ्हायलास रं?" चिडलो की माझीही गावची बोली बाहेर येते.

तो म्हणाला, "सर, गेममधी जी पोरं सुरवातीलाच पुढं घुसत्यात ती मरत्यात. शाना माणूस मागं दबून ऱ्हातो. बाकीचे एकमेकांना संपवत्यात आन शेवटी जो उरतो त्यो जिंकतो. मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"पुढची पोरं कमी व्हायची."

मी डोक्याला हात लावला. गेममध्ये शेवटी राहणारा जिंकतो, भरतीत शेवटी राहणारा घरी जातो. हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती, कारण आता एकच भरती उरली होती. बप्पांनी मुलीकडच्यांना हो म्हणायचं फक्त पुढं ढकललं होतं.

त्यानं गेम सोडला असं सांगितलं तर खोटं होईल. धावून आला की लिंबाखाली बसून खेळायचा. पण आधी धावायचा, तेही सगळ्यात पुढं. दुसऱ्या भरतीला तो दुसरा आला, मेडिकलमध्ये पास झाला आणि बप्पांनी मैदानावर पेढे वाटले. वाटताना मला म्हणाले, "मेजर, पोरीकडच्यांना काय सांगू आता? त्यांनी कोयता ठरवलाय."

*

ट्रेनिंगमधून विष्णूचा दर रविवारी फोन यायचा. पहिल्या फायरिंगचा किस्सा त्यानंच सांगितला.

पाचपैकी एकही गोळी निशाण्याला लागली नाही. बंदुकीनं खांद्याला असा धक्का दिला की तो आडवा व्हायचाच बाकी होता. फायरिंग शिकवणाऱ्या उस्तादांनी शांतपणे विचारलं, "पहले कभी चलाई है?"

विष्णूला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, "हां उस्ताद, रोज."

बाकीची सकाळ त्यानं मैदानावर कोलांट्या मारण्यात घालवली.

*

शिंदे सरांनी एकदा मलाच विचारलं, "मेजर, तुमची तयारी कितपत होती?"

खरं सांगतो. पोस्टवर सात महिने काही घडलं नव्हतं. पहिली गोळी आली तेव्हा मी बटाटे सोलत होतो. आडवा कधी झालो, बंदूक कधी घेतली, आठवत नाही. सगळं थांबलं तेव्हा डाव्या मुठीत बटाट्याची सालं घट्ट धरलेली होती. बटाटा आजवर सापडलेला नाही.

भीती वाटली होती का? वाटली होती. खूप वाटली होती.

*

विष्णूची नेमणूक वर, सीमेवर झाली. एका दुपारी टीव्हीवर तिकडच्या गोळीबाराची बातमी आली आणि त्याचा फोन लागेना. बप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर आले आणि बीमखाली बसले. तिसऱ्या दिवशी आले, चौथ्या दिवशी आले. पोरं पळत होती, मी शिट्टी वाजवत होतो आणि माझं लक्ष सगळं त्या बसलेल्या माणसाकडं होतं. जबाबदारी माझी, असं मीच म्हणालो होतो ना.

चौथ्या दिवशी माझा फोन वाजला.

"सर, मी बरा हाय. बप्पाला सांगा." मग म्हणाला, "आमच्यातला निलेश गेला, सर. साताऱ्याकडचा. माज्या शेजारी पलंग होता त्याचा. रोज एकत्र गेम खेळायचो आमी."

मी फोन बप्पांच्या हातात दिला आणि ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

दोन महिन्यांनी विष्णू रजेवर आला आणि तडक मैदानावर आला. दुपारची वेळ होती. पोरांनी त्याला लिंबाखाली घेरलं. दादा, खरं कसं असतं? गेमसारखंच असतं का? भीती वाटती का? तो त्यांच्यातच मांडी घालून बसला. म्हणाला, "बसा. एक डाव खेळू."

त्या गेममध्ये चौघांची टोळी करून उतरायचं असतं. विष्णूनं मोबाइल काढला, दोन पोरं त्याच्या टोळीत आली. एक जागा मोकळी होती. तिसरं पोरगं घाईघाईनं म्हणालं, "दादा, मला घ्या."

"ती निलेशची जागा हाय," विष्णू म्हणाला.

पोराला काही कळलं नाही. "आवो, समोर चौघं असत्यात. तिघात हरू की आपण."

"हरू," विष्णू म्हणाला आणि त्यानं डाव सुरू केला.