आभाळ नसताना निघालेला प्लग

आई घाटंजीत एकटी राहते आणि मी वणीला, कोळसा खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर. बाबा गेल्यावर "चल माझ्याकडे" म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं. "मले त्या कोळशाच्या धुळीत नाही राहायचं," एवढंच तिचं उत्तर. त्यात गुडघे असे, की खाली बसली तर धरूनच उठवावं लागतं. माझा जीव सारखा टांगलेला. शेवटी मी तिच्या बैठकीत कॅमेरा लावला.

लावला खरा, पण वणीहून तो दिसेचना. घरातलं इंटरनेट सिमकार्डाच्या राऊटरवरचं. मोबाईल कंपनी ढीगभर घरांना मिळून एकच पत्ता देते. आपल्या घराचा असा वेगळा पत्ताच नसतो, मग बाहेरून त्याला हाक मारणार कशी? कित्येक रविवार डोकं फोडल्यावर कळलं, की घरानंच बाहेर हाक मारायची. मग एक छोटी डबी राऊटरला जोडली. ती दिवसभर इंटरनेटवर भाड्यानं घेतलेल्या एका मशीनशी बोलत राहते, आणि मी त्या मशीनच्या वाटेनं घरात डोकावते. डबी बोलायची थांबली, की माझ्या मोबाईलवर निरोप येतो: घर बंद.

लाइन गेली तरी इन्व्हर्टर होता. घर बंद पडायचं ते आईमुळे. आभाळ भरून आलं, जरा गडगडलं, की टीव्ही, फ्रिज, राऊटर, सगळ्यांचे प्लग उपटून बाई मोकळी! इकडे मला लगेच निरोप. फोन केला की थंडपणे म्हणणार, "इज चमकून राह्यली न व. जळन ते."

"जळू दे ना! पण तू कायले हात लावतं त्याले?" मी खवळायची. मग फोनवर आमचं चांगलंच वाजायचं.

या उन्हाळ्यात एका दुपारी मी जेवायला डबा उघडला आणि निरोप आला. घर बंद. उपटला वाटते पुन्हा, म्हणून मी चिडूनच मोबाईल उचलला आणि सहज खिडकीबाहेर बघितलं. लख्ख ऊन होतं. घाटंजीत असेल आभाळ, म्हणून फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. कूलरच्या आवाजात ऐकू आलं नसेल, न्हाणीत असेल, झोप लागली असेल. मी एकेक कारण शोधत होते. मग शेजारच्या काकूंना लावला.

"काकू, तिकडं आभाळ आलं का?"

"कुठचं आभाळ व? मरणाचं ऊन हाये. छतावर पापड घालून राह्यली मी. काहून?"

"आईकडे जा. आत्ताच्या आत्ता जा काकू!"

त्यांनी फोन चालूच ठेवला. जिना, फाटकाची कडी, आईला मारलेली हाक, आणि मग काहीच ऐकू येईना. मी डब्यातल्या भाजीकडे बघत उभी होते. इतकी घाबरले होते, की रडायचंही सुचत नव्हतं.

"पडल्या न व बाई खाली!" काकू ओरडल्या. "बोलून राह्यल्या, घाबरू नको. तू ये फक्त!"

खुब्याचं हाड मोडलं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा आई छताकडे बघत पडली होती. ती पडली पलंगामागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. मोबाईल स्वयंपाकघरात. हाताला लागण्यासारखी एकच गोष्ट होती, राऊटरची वायर.

"मुद्दाम ओढली?" मी विचारलं.

"मंग? कूलरच्या आवाजात माह्यं ओरडणं कोनी आयकेना." तिनं माझा हात चाचपत धरला. "म्हटलं, हे वायर निघाली का पोरगी भांडाले फोन करतेच."