काटेकोराची गाडी

माझा साडू वजनकाटे तपासतो. मालासकट अख्खा ट्रक ज्यावर चढवतात ते मोठे काटे. दगडखाणीवरचे, पिठाच्या गिरणीवरचे, भंगाराच्या वखारीतले. वर्षातून एकदा तो प्रत्येक ठिकाणी जातो, वीस किलोचे ओतीव लोखंडी ठोकळे काट्यावर मांडतो आणि काटा खरं बोलतो की खोटं, ते कागदावर लिहून देतो. असे बावन्न ठोकळे त्याच्याकडे आहेत. त्यांना तो उघडा हात लावत नाही. हाताचा घाम लागला की गंज धरतो आणि गंज धरला की वजन बदलतं. त्याच्या हातमोज्यांना कपाटात स्वतंत्र खण आहे. माझ्या मेहुणीच्या साड्यांना नाही.

लोक त्याला काटेकोर म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. किती वाजले विचारलं, तर साडेचारला तीन मिनिटं कमी असं सांगणारा माणूस. मी लिहिणारा नव्हे. रजेचे अर्ज सोडले तर जन्मात काही लिहिलेलं नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण ही गाडीची हकिगत मी जवळून पाहिली आहे आणि सांगताना प्रत्येक जण तिला आपापला चुना फासतो, म्हणून लिहितो.

त्याची जुनी पिकअप थकली होती. बावन्न ठोकळे म्हणजे एक हजार चाळीस किलो. तेवढं ओझं रोज वाहणारी गाडी शोरूमच्या काचेमागे उभी नसते. स्प्रिंगचे जाड पाटे, लांब हौदा, ठोकळे आवळून बांधायला तळाला कड्या, अशी ती कारखान्यातच बांधून घ्यावी लागते. शोरूमच्या पोरगेल्या साहेबाने, ज्याच्या केसांवर तेल होतं आणि जिभेवर त्याहून जास्त, दोन महिन्यांत गाडी दारात असं सांगितलं. हा गृहस्थ एवढा हिशेबी, पण त्याच आठवड्यात त्याने जुनी गाडी एका कोंबड्यावाल्याला विकून टाकली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं ते हेच. पुढे वर्षभर ती गाडी अंड्यांचे ट्रे भरून याच्याच दारावरून जात होती आणि मेहुणी खिडकीतून म्हणायची, अहो, माझी सवत चालली बघा.

दोन महिने झाले. चार झाले. कारणं मात्र वेळच्या वेळी येत होती. आधी नखाएवढा एक विजेचा भाग परदेशातून यायचा होता. मग सीटचा फोम संपला. मग कारखान्यात नवी लाइन बसवत होते. एवढ्या थोर कंपनीला फोम मिळेना. आमच्या गल्लीतला गादीवाला एका दुपारी आणून देतो. दरम्यान मोबाइलवर संदेश यायचे: अभिनंदन, तुमची गाडी तुमच्या आणखी जवळ आली आहे. एकदा तर गाडीचं चित्र असलेला चहाचा मग घरी आला. मेहुणी म्हणाली, चला, चाकं नाहीत पण कान तरी आला.

भाड्याची गाडी का घेत नाही, हे त्याला ज्याने त्याने विचारलं. मीही विचारलं. घेतली होती एकदा. टेम्पोवाल्याने वळणावर ब्रेक मारला, ठोकळे एकमेकांवर आपटले आणि तिघांचे कोपरे उडाले. ते तीन प्रयोगशाळेत पाठवून पुन्हा नेमके करून आणायला सात आठवडे गेले. त्यानंतर टेम्पोचं नाव काढलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

हसण्यावारी नेण्यासारखं हे इथपर्यंतच होतं. त्याच्याकडे चौदा काट्यांची यादी होती. तीस वर्षं ती त्याच्याकडेच होती. प्रत्येक काट्यावर वर्षाच्या आत शिक्का बसला नाही, तर तो काटा यादीतून निघून शहरातल्या मोठ्या कंपनीकडे जाणार, आणि एकदा गेला की परत येत नाही. वजनमाप खात्याच्या बाईंनी दोनदा मुदत वाढवून दिली. तिसऱ्यांदा त्यांनी महिन्याची तीस तारीख लिहिली आणि पेनचं टोपण बंद केलं. यादी गेली तर हा माणूस बावन्न ठोकळ्यांचा धनी राहील आणि करायला काम काही नसेल, हे त्याला कळत होतं, मेहुणीला कळत होतं, मलाही कळत होतं. जेवताना तो वरण-भात कालवायचा आणि तसाच ठेवायचा.

अखेर मी त्याच्याबरोबर शोरूमला गेलो. मी बोलणार काय होतो कोण जाणे. बँकेत स्लिप भरतानाही मला घाम फुटतो. पण तेलाचा साहेब त्या दिवशी रजेवर होता आणि मागच्या टेबलावरच्या बाईंनी संगणक आमच्याकडे वळवला.

“काका, तुमची ऑर्डर गेल्या महिन्यातली आहे,” त्या म्हणाल्या. “एवढी घाई कशाला करता?”

“गेल्या वर्षातली,” साडू म्हणाला. “अकरा महिने आणि नऊ दिवस.”

बाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. ऑर्डर तीनदा रद्द होऊन तीनदा नव्याने लागली होती. पहिल्यांदा पत्त्यात घर क्रमांकापुढचा ‘अ’ राहिला होता. दुसऱ्यांदा रंग ‘पांढरा’ लिहिला होता आणि माहितीपुस्तकात तो ‘दुधी पांढरा’ होता. तिसऱ्यांदा वाहायच्या ओझ्यापुढे ‘अंदाजे एक टन’ असं होतं. तिन्ही वेळा या महापुरुषाने स्वतः जाऊन, सुवाच्य अक्षरात, दुरुस्तीचा अर्ज दिला होता.

“दुरुस्ती म्हणजे आमच्या सिस्टिमला नवी ऑर्डर,” बाई म्हणाल्या. “रांगेत शेवटी. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

“दुरुस्ती म्हणजे चूक काढून टाकणं,” साडू म्हणाला. त्याने पडद्यावरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “अंदाजे कसं चालेल?”

आमच्या नोकरीत हे शहाणपण लागत नव्हतं, म्हणून आम्ही सुखी राहिलो, असं मी परतताना मनात म्हटलं. तीस वर्षं दुसऱ्यांचे काटे सरळ करणाऱ्याने स्वतःच्या पायात अक्षरशः काटा रुतवून घेतला होता, तोही वळणदार अक्षरात. मेहुणीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग पदराने डोळे पुसून आत गेली. तिन्ही वेळा अर्जाला पाकीट तिनेच आणून दिलं होतं.

मागच्या टेबलावरच्या बाईंनी मात्र काम केलं. शोरूमने केलं नाही, कंपनीने केलं नाही, त्या एकट्या बाईंनी केलं. दुसऱ्या कोणी नाकारलेली, तशाच पाट्यांची एक गाडी त्यांनी याच्या नावावर वळवली. बावीस तारखेला गाडी आली. शोरूमवाल्यांनी तिच्यावर लाल कापड टाकलं आणि तेलाचा साहेब टाळ्या वाजवायला हजर झाला. अशा कामाला रजा नसते.

साडूने कापडाकडे ढुंकून पाहिलं नाही. दाराच्या आतल्या पट्टीवर रिकाम्या गाडीचं वजन छापलेलं असतं, ते वाचलं. दोन हजार तीनशे ऐंशी. “सही नंतर,” तो म्हणाला, आणि साहेबाला शेजारी बसवून गाडी थेट पिठाच्या गिरणीच्या काट्यावर घातली. मी मागच्या बाकावर. मग आम्हा दोघांना खाली उतरवून, स्वतःही उतरून त्याने आकडा वाचला. दोन हजार चारशे बारा.

“बत्तीस किलो,” तो म्हणाला.

साहेब म्हणाला, काका, एवढं चालतं. पट्टी चुकीची वाटत असेल, तर गाडी परत पाठवू, दुरुस्ती टाकू.

‘दुरुस्ती’ ऐकताच मी साडूकडे पाहिलं. साडूचा हात पेनकडे गेला नव्हता. तो आकड्याच्या काचेखाली चिकटवलेला कागद वाचत होता. खाली सही त्याचीच होती. मुदत पाच महिन्यांपूर्वी संपलेली होती. पट्टी खोटी की काटा खोटा, हे सांगायला त्याच काट्यावर त्याचे ठोकळे मांडायला हवे होते, आणि ठोकळे आणायला ही गाडी.

गिरणीचा मालक दारात पिठाने पांढरा झालेला उभा होता. तो म्हणाला, काटेकोर, शहरवाले परवा येतो म्हणालेत, काय सांगू त्यांना?

साडूने साहेबाकडून कागद घेतला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि सही केली. ‘गाडी पाहून, तपासून, बरोबर मिळाली’ असं वर छापलेलं होतं. त्यातलं ‘तपासून’ त्याने खोडलं नाही. त्याला मी तीस वर्षं ओळखतो. त्याला ‘तपासून’ खोडायचं होतं.

“उद्या सात वाजता येतो,” तो गिरणीवाल्याला म्हणाला. “त्यांना सांग, नका येऊ.”

दुसऱ्या दिवशी बावन्न ठोकळे काट्यावर चढले. वयाला न शोभणारी हौस म्हणून चार मीही उचलले; हातमोजे घालून, अर्थात. काटा बरोबर निघाला. म्हणजे कारखान्याची पट्टी बत्तीस किलोने खोटी. जी कंपनी वर्षभर फोम शोधत होती, तिला आपल्याच गाडीचं वजन माहीत नव्हतं.

“कंपनीला कळवणार?” मी विचारलं.

“तीस तारखेनंतर,” तो म्हणाला. “भावजी, तो कोपऱ्यातला आणा. सरकवू नका, उचला.”

तीस तारखेपर्यंत बारा काटे झाले. खडीच्या क्रशरवरचा आणि कचरा डेपोवरचा, असे दोन शहरवाल्यांकडे गेले. लोकांना सांगताना मी जवळजवळ सगळे वाचले असं म्हणतो. तो बारा म्हणतो.