भेटीच्या दिवशी रुक्माबाई माहूरला होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, जिच्याशी सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर माझी भाषणं ऐकली असतील — मग हेही ऐका. एवढं मात्र आधीच सांगते, मी इथं रडायला बसलेली नाही.

मी विकासाच्या धंद्यातली बाई. धंदा म्हटलं की आमच्या लोकांना राग येतो, पण दुसरं काय म्हणायचं? माहेर औशाकडचं, शिक्षण लातूरला, आणि नोकरी किनवट तालुक्यात, एका संस्थेत. जंगलातल्या गावांत बायकांचे बचत गट उभे करायचे, त्यांना घरबसल्या काही मिळकत होईल असं बघायचं. सासरचे म्हणायचे, एवढं शिकून जंगलात कशाला मरायला जातेस? मी गेले. स्कूटी घसरून दोनदा हात मोडून घेतला, तरी गेले. आज तिकडं सीताफळाचा गर काढण्याचं केंद्र चालू आहे, बायका पांढरे एप्रन घालून कामाला येतात, गाडी भरून माल हैदराबादला जातो. ते माझ्यामुळं झालं. हे सांगताना मी मान खाली घालणार नाही.

मग कबूल काय करायचं आहे? सांगते. जरा दमानं घ्या.

इस्लापूरच्या पुढं डोंगरात सीताफळाची झाडं आहेत. कुणी लावलेली नाहीत, आपोआप वाढलेली. हंगामात व्यापारी टेम्पो घेऊन यायचे आणि बायकांनी डोक्यावरून आणलेल्या टोपल्या वाट्टेल त्या भावात घेऊन जायचे. एका गावात मात्र एका वर्षी त्यांचा टेम्पो भरेना. रुक्माबाई नावाच्या बाईनं सगळ्या बायकांना वाटेत बसवलं होतं — भाव बोला, मगच माल. व्यापारी दोन दिवस तणतणले, मग आले वळणावर. ही गोष्ट ऐकून मी त्या गावात गेले. म्हणजे बघा, मी तिला घडवलं असं जे मी व्यासपीठावरून सांगते, ते तितकंसं खरं नाही. ती आधीच होती. मी तिच्या हातात माईक दिला, एवढंच.

आमच्या कामात प्रत्येक गावात एक बोलकी बाई लागते. पाहुणे येतात — मुंबईचे, दिल्लीचे, कधी परदेशातले. मुली लेझीम खेळतात, अंगणात रांगोळी, फेटे, नारळ, मग सतरंजीवर बसून पाहुणे विचारतात, गटामुळं तुमच्या आयुष्यात काय बदल झाला? त्या वेळी न लाजता, पदर न चावता बोलणारी बाई हवी. काही जण तर तिच्याकडून दोन दिवस आधी सगळं पाठ करून घेतात. मला कधी गरज पडली नाही. रुक्माबाई उठायची, कमरेवर हात ठेवायची आणि बोलायला लागायची. पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. जे मागेल ते मिळायचं. मी बाजूला उभी राहून कौतुकानं बघायचे — खोटं नाही सांगत, खरंच कौतुक वाटायचं.

ती मला जीव लावायची. माझ्या डब्यातली पोळी बघून हसायची, ज्वारीची भाकरी आणि तिळाची चटणी पुढं करायची. माझ्या लेकीला दात येत होते तेव्हा तिनं डोंगरातलं कुठलंसं मूळ आणून दिलं होतं. तिच्या लेखी मी म्हणजे शिकलेली धाकटी बहीण होते. आता पुढचं ऐका.

गर काढायच्या केंद्राला मंजुरी मिळणार असं ठरलं आणि जागेवरून आमचं बिनसलं. रुक्माबाई म्हणत होती, केंद्र आमच्याच गावात हवं. झाडं आमच्या डोंगरात आहेत. पिकलेलं सीताफळ टेम्पोत धक्के खाऊन खाली पोचेपर्यंत त्याचा चिखल होतो. लेकुरवाळ्या बायका घरापाशीच काम करतील. आणि एकदा केंद्र खाली डांबरी रस्त्यावर गेलं की ते रस्त्यावरच्यांचं होईल, आमचं राहणार नाही. मी म्हणत होते, रस्त्यावरच्या गावातच हवं. तिथं थ्री फेज वीज आहे. तुमच्या वाटेवरचा नाला पावसात गाडी जाऊ देत नाही. वीज गेली की गर काळा पडतो आणि काळा गर कुणी घेत नाही. माझं म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. कुणालाही उभं करा समोर, मी पटवून देईन.

मग पटवून का दिलं नाही?

हाच तर प्रश्न आहे. पैसे देणारे लोक येणार होते, गावकऱ्यांशी बोलून जागा ठरवणार होते. आमच्या संस्थेचे साहेब मला म्हणाले होते, जागा रस्त्यावरची ठरली तर बरं, बाकी तुम्ही बघा. त्यांनी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या अंगावर मी हे ढकलणार नाही. मी रुक्माबाईसमोर उभी राहून, सगळ्यांच्या देखत, माझं म्हणणं मांडू शकत होते. नकाशा होता, विजेची माहिती होती, सगळं होतं. पण मला माहीत होतं, ती कमरेवर हात ठेवून उठली की संपलं. माझा कागद एका बाजूला राहील आणि पाहुणे तिच्या बाजूनं मान डोलावतील. ती चुकीची असूनही जिंकेल. आणि — हे सांगायला एवढी वर्षं लागली — ती जिंकेल याचीच मला भीती वाटत होती. गावाचं नुकसान होईल याची नाही. मीच पुढं आणलेल्या बाईकडून मी हरेन, याची. भित्री होते मी. दुसरा शब्द नाही.

भेटीची तारीख आमच्याकडं नेहमी ऐनवेळी कळते. त्या वेळीही आदल्या दिवशी दुपारी फोन आला, उद्या येतोय. नेहमीप्रमाणं मी रुक्माबाईच्या घरी गेले, कारण गावाला निरोप तिच्यामार्फतच जायचा. जाताना वाटेत इस्लापूरला थांबून खण घेतला, नारळ घेतला, हळद-कुंकू घेतलं. तिच्या अंगणात बसले. सून रानात गेली होती, आम्ही दोघीच होतो. म्हटलं, रुक्माबाई, भेट पुढच्या आठवड्यात गेली. बरंच झालं. तुमचं कधीचं माहूरला जायचं राहिलंय ना, नवरात्रातली गर्दी व्हायच्या आत जाऊन या. मी किनवटची जीप ठरवलीय, उद्या पहाटे येईल, सुनेला बरोबर घ्या.

तिला कसला आनंद झाला म्हणून सांगू. मी तिच्यासाठी एवढं केलं म्हणून तिनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मग मी माझी ओटी तिच्या हातात दिली. आमचंही कुलदैवत माहूरचंच. म्हटलं, माझ्या नावानंही भरा. ही ओटी कशाला दिली मी? संशय येऊ नये म्हणून? की देवीला लाच म्हणून? मला खरंच सांगता येत नाही, आणि चांगलं दिसेल असं उत्तर मी आता शोधणार नाही.

सकाळी ती गडाच्या वाटेला लागली आणि मी टेम्पो घेऊन तिच्या गावात गेले, बायकांना भेटीसाठी रस्त्यावरच्या गावात आणायला. भेट आजच आहे म्हटल्यावर बायका गोंधळल्या. रुक्माबाई तर काहीच बोलली नाही! टेम्पोत बसता बसता एकीनं मला विचारलं, "ताई, रुक्माबाईला ठाव न्हवतं का आज पावणे येनार म्हनून?"

मी म्हटलं, "ठाऊक होतं की."

बस्स, एवढंच. भेट पुढं गेल्याचं खोटं मी ठरवून बोलले होते. हे मात्र ठरवलेलं नव्हतं. तोंडातून सहज निघून गेलं, चहा घेतलात का विचारल्यावर हो म्हणावं तसं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. गावाचं एवढं मोठं काम टाकून बाई देवाला गेली, हे त्यांच्या डोक्यात तिथंच बसलं. त्यांच्यातली एकही पाहुण्यांसमोर बोलली नाही. मी नकाशा उघडला, वीज सांगितली, नाला सांगितला. सगळ्यांना पटलं. जेवायला पिठलं आणि ठेचा होता, पाहुण्यांनी बोटं चाटली. जागा रस्त्यावरची ठरली.

दुसऱ्या दिवशी रुक्माबाई परत आली ती हातात प्रसाद घेऊनच, आणि गावानं तिला फैलावर घेतलं. ती म्हणाली, ताईंनी मला पुढच्या आठवड्यात म्हणून सांगितलं होतं. बायका म्हणाल्या, ताई तर म्हणतात तुला ठाव होतं. मग मला बोलावणं आलं. समाजमंदिरात सगळी गोळा झाली होती. रुक्माबाई भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडं बघून ती हसली. आता ताई आल्या, आता उलगडा होईल, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

इथं मी खरं बोलू शकले असते. जागा ठरली होती, ती काही बदलणार नव्हती. फार तर माझी नोकरी गेली असती. दुसरी मला कुठंही मिळाली असती. तरीही मी म्हटलं, "रुक्माबाई, मी उद्याच भेट आहे असं सांगितलं होतं. ओटीच्या गडबडीत तुमच्या लक्षात राहिलं नसेल."

मला वाटलं, आता ही तोंडावर सांगेल, ताई, तुम्ही खोटं बोलताय. सांगायला हवं होतं तिनं. मी वाट बघत होते — आणि ती जमिनीकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "ताई खोटं कशाला बोलतील. म्याच इसरले आसंन."

व्यापाऱ्यांना वाकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या कानांवरचा विश्वास सोडला, माझ्यावरचा सोडला नाही. त्यानंतर गटाचं अध्यक्षपद तिनं आपणहून सोडलं. आता बारीकसारीक गोष्टसुद्धा ती सुनेला दोनदोनदा विचारते, मी हे बोलले होते ना, तू ऐकलंस ना? सभेत बसते, पण उठत नाही. पुढारी नाही म्हटल्यावर त्या गावचा गट वर्षभरात मोडला. त्यांचं सीताफळ पुन्हा व्यापाऱ्यांच्या टेम्पोत जातं, कच्चंच. थोड्या तरण्या पोरी तेवढ्या रस्त्यावरच्या केंद्रात कामाला येतात. म्हणजे शेवटी तिचंच म्हणणं खरं झालं — केंद्र रस्त्यावरच्यांचं झालं.

आमच्यातले काही जण म्हणतील, असं सगळेच करतात, भेटीच्या दिवशी कोण काय लपवत नाही? लपवा तुम्ही. तुमचं तुमच्यापाशी. मला त्या गर्दीत उभं राहायचं नाही. आणि दुसरे म्हणतील, पण एवढ्या बायकांचं भलं झालं ना? झालं. त्याचा याच्याशी काय संबंध? केंद्र चालतं ते विजेवर, माझ्या खोटेपणावर नाही. खरं बोलून, भांडून, जमलं तर जिंकूनही ते तिथंच उभं राहिलं असतं. किंवा हरले असते. हरले असते तर हरले असते. आता मी नवीन पोरापोरींना प्रशिक्षण देते. लोकांचा सहभाग हा माझा विषय. चांगला शिकवते.

परवा किनवट स्टेशनात रुक्माबाई भेटली. माझ्यासारखी तीही नांदेडला निघाली होती, डोळे दाखवायला, बरोबर सून. मला बघून लगबगीनं आली, लेकीची चौकशी केली, कितवीला आहे विचारलं. बाकावर शेजारी बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, लई दिसाचं मनात हाय. त्या टायमाला म्या चारचौघांत तुमच्यावर आळ घेतला. तुमी माझ्यासाठी एवढी जीप करून दिली, आन् म्या तुमालाच खोटं पाडाया निघाले. मला माफ करा." आणि ती वाकली.

मी तिचे हात धरले. बोलायला एवढा वेळ होता, गाडीही आलेली नव्हती. सूनसुद्धा पाणी आणायला गेली होती. कुणीच ऐकत नव्हतं.

"जाऊ द्या, रुक्माबाई," मी म्हटलं. "मी कधीच माफ केलंय तुम्हाला."

तिचा चेहरा असा काही हलका झाला की बघवेना. डोळे पुसून ती उठली. तेवढ्यात सून पाणी घेऊन आली आणि गाडी लागली. तिनं पिशवी सुनेकडं दिली, माणसांना बाजूला सारत पुढं घुसली आणि खिडकीपाशी माझ्यासाठी जागा धरली. ताई, इकडं या, म्हणून आतून हाक मारली. मी गेले, आणि त्या जागेवर बसले.