बेडसेची पहिली पाळी

श्रावणात लोणावळ्याचं धुकं घरात कधी शिरलं ते कळत नाही. कपाटातल्या पुस्तकांची पानं मऊ पडतात, आरशात आपलाच चेहरा कुणी पुसून टाकल्यासारखा दिसतो आणि दमट पुठ्ठ्यावर लिहिलेल्या निळ्या शाईला एक गोडसर, किंचित औषधी वास येतो. तो वास आला की माझा हात थांबतो. गेल्या श्रावणापासून थांबतो.

आमच्या मावळातल्या सहा गावांची कबड्डीची साखळी आहे. पूर्वी चांगले गडी शहराजवळचे दोन संघ आधीच गाठून ठेवत आणि बाकीच्यांच्या वाट्याला नुसतं हरणं येई. दूरदेशीच्या व्यावसायिक संघांमध्ये म्हणे याला एक उपाय असतो: मागच्या हंगामात जो शेवटी आला, त्यानं नव्या हंगामाचा खेळाडू सर्वांत आधी निवडायचा. ग्रंथालयात हे वाचलं तेव्हा मी हरखून गेले. किती निर्मळ न्याय! पराभवालाच अग्रपूजेचा मान! मी ते पंचांचे प्रमुख असलेल्या आबांना सांगितलं, आणि आबांनी नियम केला: दर श्रावणात प्रत्येक गावानं आपले चांगले गडी एका यादीत घालायचे, संघाचा सातवा गडी त्या यादीतून घ्यायचा, आणि निवडीची पहिली पाळी शेवटी आलेल्या संघाची. अक्षर बरं म्हणून खेळाडूंच्या नावांची कार्डं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

माझा धाकटा भाऊ सुहास औंढे गावाकडून खेळायचा, डाव्या कोपऱ्यात. घोट्याची पकड अशी, की चढाईला आलेला गडी आधी त्या कोपऱ्याकडे बघायचा. नियम ऐकून तो हसला होता. "आक्का, भुकेल्याला पहिला घास, हे बरोबर हाय. पण घासाला कुणी इचारलं का?" मला वाटलं, थट्टा आहे.

गेल्या वर्षी आषाढात चार दिवसांच्या तापानं तो गेला. त्या चार दिवसांत मी एकच प्रश्न कुणाला तरी विचारत होते: ही कुठली यादी, आणि हिच्यात पहिली पाळी कुणाची?

पुढच्याच महिन्यात निवडीचा दिवस आला. आबा म्हणाले होते, "बाई, यंदा दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतो." मीच नको म्हटलं. हाताला काम हवं होतं. भर दुपारी शाळेच्या सभागृहात सहा संघांचे कप्तान बसले होते, खिडक्यांतून धुकं आत येत होतं आणि मागच्या बाकांवरची माणसं हळूहळू फिकट होत होती. टेबलावर कार्डं पसरली होती. शेवटी आलेला संघ बेडसेचा, म्हणून त्यांचा कप्तान दत्ता आधी उठला. त्यानं कार्डांवरून हात फिरवला, एक उचललं आणि खिडकीच्या उजेडात नेऊन वाचलं. मग माझ्यासमोर धरलं.

त्यावर सुहासचं नाव होतं. माझ्या अक्षरात, माझ्याच निळ्या शाईत, उकाराला मी देते तसा लांब फाटा दिलेला. ते कधी लिहिलं, मला आठवत नाही. आजही आठवत नाही.

"बाईंकडून चुकून आलं आसंल," आबा घाईनं म्हणाले. "दत्ता, ठेव ते खाली. दुसरा घे."

"न्हाई आबा. आमी ह्येच घेतलं."

"आरं, याड लागलं का तुला? गेलेल्या माणसाला कुणी घेतं व्हय? पहिली पाळी हाय तुझी, वाया घालवू नको."

दत्ता माझ्याकडे वळला. "ताई, मागल्या साली शेवटची मॅच आमी मुद्दाम हारलो. शेवटी येयाचं, म्हंजी पहिली पाळी आमची, म्हंजी सुहास आमचा. पोरांना म्या सांगितलं हुतं, उगा पडा. लबाडीची पाळी हाय ही. हिच्यावर आता जिता माणूस कसा घेऊ?"

फळ्यावर नाव लिहायचं काम माझं. ज्या नियमाला मी निर्मळ म्हटलं, त्यानं एका गावाला हरायला शिकवलं होतं, आणि सुहासला तर कुणी विचारलंच नव्हतं. मी काय करायला हवं होतं? त्या तरुण संघाचं वर्ष वाचवायला हवं होतं. पण खडू उचलला तेव्हा बोटं माझी राहिली नव्हती. बेडसेच्या रकान्यात पहिलं नाव मी त्याचं लिहिलं.

बेडसेचा संघ हिवाळाभर सहा जणांनिशी खेळला. डावा कोपरा रिकामा. एका धुकट सकाळी मी सामना पाहायला गेले. समोरच्या चढाईपटूंना ती बाजू सताड मोकळी होती, तरी एकही जण मुद्दाम तिकडे गेला नाही. एक जण मात्र नकळत त्या बाजूला सरकला आणि लगेच मागे पळाला. आपल्या रेषेपलीकडे पोचल्यावर तो वाकला आणि कुणीही न धरलेला घोटा चोळत राहिला. कुणी त्याला हसलं नाही.

बेडसे पुन्हा शेवटी आलं. या वेळी खरोखर हरून.

आता पुन्हा श्रावण आहे. काल दिवसभर मी कार्डं लिहिली. प्रत्येक नाव आधी मोठ्यानं वाचून, मग लिहून, मग पुन्हा वाचून. बेडसेची यंदाची पाळी खरी आहे, तिच्यावर जिवंत माणूसच यायला हवा. त्या पोरांचं मी एवढं तरी देणं लागते. सगळी नावं झाल्यावर एक कार्ड कोरं उरलं. गठ्ठा बांधून टाकला आणि ते एकटं खिडकीत ठेवलं.

आज सकाळी ते धुक्यानं ओलं होऊन वाकलं होतं. शाईचा तो गोडसर वास खोलीभर होता. मी कार्ड उचललं, उलटलं, पुन्हा उलटलं. दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

हायसं वाटायला हवं होतं. मी ते तिसऱ्यांदा उलटून पाहिलं.