म्हशी वर, माणसं खाली

पूर ओसरला की गावात गाळ राहतो आणि किस्से राहतात. गाळ काढायला पंचायत जेसीबी लावते. किस्से कोण काढत नाही, ते वर्षाला थरावर थर साचत जातात. चार माणसं बसली, चहा आला, की कोणतरी म्हणतंच, "आबा, त्या कपाटाचं सांगा की!" मी सांगतो. सगळे पोट धरून हसतात. हसून झालं की एकेकाची मान हळूच नदीकडं वळते. बोलून कोण दाखवत नाही, पण भ्यालेले असतात सगळे. मी पण.

माझी शाळा चौथीपर्यंत. हवा का बदलली, समुद्र का तापला, ते मला विचारू नका. शिकलेल्यांना विचारा, त्यांनीच तापवला असंल! कोल्हापुरापासून जवळच नदीकाठी आमचं गाव. गावाखाली बंधारा. त्या बंधाऱ्यावर मी उभी हयात मजुरी केली आणि रिटायर झालो. तिथल्या कट्ट्यावर आमची बैठक असते. मी, शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा रज्जाक, आणि दोघांवर ओरडायला म्हशीवाली हिराबाई. तिघांची घरं एकाच गल्लीत, नदीला सगळ्यात जवळ. पाणी गावात यायच्या आधी आमच्या गल्लीला भेटून येतं.

*

आमच्याकडचा बंधारा म्हणजे दगडी खांब, आणि खांबांच्या खाचांत बसवलेल्या फळ्या. त्या फळ्यांना आम्ही बर्गे म्हणतो. पावसाळा सरला की बर्गे घालायचे, पाणी अडवायचं. जून लागला की काढायचे, नदी मोकळी करायची. माझ्या बापाच्या काळापासून हेच. पण आता पाऊस मे महिन्यातच येतो, लग्नाचे मांडव उतरायच्या आधी!

असंच एका मे महिन्यात नदीचं पाणी तांबडं झालं. मी रिटायर असलो तरी राहवेना. पाटबंधारे खात्याच्या साहेबाला फोन लावला.

साहेब म्हणाला, "आबा, बर्गे काढायचा आदेश जूनचा आहे. अजून वेळ आहे."

मी म्हटलं, "साहेब, मला कशाला सांगताय? नदी हितंच उभी हाय, तिला फोन देतो!"

फोन कट.

मग मी आणि रज्जाक आकडे घेऊन उतरलो. सहा बर्गे निघाले, सातवा अडकला. आणि काय सांगू, पायाखालचा दगड हलला. आयुष्य त्या दगडावर उभं राहून काढलं, कधी हलला नव्हता. माझे हात आकड्यालाच चिकटले. सुटेनात.

रज्जाक ओरडला, "आबा, सोडा! बर्गा गेला तर सरकार दुसरा देतंय. तुम्ही गेला तर माझ्या नावानं पंचनामा हुतोय!"

त्यानं मला मानगूट धरून काठावर ओढलं. मागं उरलेले बर्गे एकेक करून तुटले. बंदुकीचे बार निघाल्यासारखा आवाज. पुढं दोन आठवड्यांनी आदेश आला: 'बर्गे सुस्थितीत काढून मोजून ठेवावेत.'

रज्जाक म्हणाला, "मोजायला नदीच्या वाटेनं खाली शिरोळला जावं लागंल!"

*

आता सांगतो त्यात हसण्यासारखं काही नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पाणी येणार की नाही, हे आमच्या गल्लीत मी सांगायचो. वर घाटात, गगनबावड्याकडं पाऊस बसला की दिवस मोजायचा, वारा बघायचा, नदीचा रंग बघायचा. आणि आमचं एक माप होतं, तालमीची तिसरी पायरी. माझ्या बापानं तिच्यावर पाणी बघितलं नव्हतं, आज्यानं बघितलं नव्हतं.

एकोणीस साली भोंगा लावून रिक्षा फिरली, "गाव सोडा, गाव सोडा." सगळी गल्ली माझ्या दारात. मी निवांत बिडी ओढली आणि सांगितलं, "तिसरी पायरी भिजत न्हाय. जावा घरी, जेवा."

लोक गेले. जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायऱ्या तर सोडाच, तालमीचं दार दिसत नव्हतं. हिराबाई गळ्याएवढ्या पाण्यात विळ्यानं म्हशींची दावी कापत होती. चार म्हशी. दोन पोहत डांबरी रस्त्याला लागल्या. दोन गेल्या. त्यांचं हंबरणं थांबलं तेव्हा आम्हाला कळलं.

बोटीत ती माझ्या समोर बसलेली. सगळ्या वाटेत माझ्यावरची नजर काढली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "आबा, पायरी कुठाय ओ?"

*

मग सरकारला जाग आली. शाळेत शिबिर ठेवलं. पुण्याहून एक मॅडम आल्या, भिंतीवर चित्रं दाखवली, आवाज गोड. म्हणाल्या, "पूर येतोय असं कळलं की तुम्ही सगळ्यात आधी काय करता?"

सगळे एका सुरात, "म्हशी सोडतो!"

"बरं, त्यानंतर?"

"म्हशींची वैरण काढतो!"

"आणि माणसं?"

मागनं आवाज आला, "माणसं येत्यात की म्हशीच्या मागनं!"

मॅडम पाणी प्यायल्या. मग पिशवीतनं केशरी रंगाचं लाईफ जॅकेट काढलं, ते कसं घालायचं ते दाखवलं. हिराबाईनं जॅकेट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "म्हशीच्या मापाचं हाय का?"

तर अशी पन्नासभर जॅकेटं गावाला मिळाली. चोरीला जाऊ नयेत म्हणून ग्रामसेवकानं ती पंचायतीच्या लोखंडी कपाटात घातली, कुलूप लावलं, किल्ली खिशात. पुढच्या पावसात पंचायतीत पाणी शिरलं तेव्हा ग्रामसेवक मुरगूडला सासरवाडीत अडकलेला, रस्ता बंद! आम्ही दोरीला धरून पंचायतीसमोरनं चाललोय, कमरेएवढं पाणी, लेकरं खांद्यावर, आणि खिडकीतनं कपाट दिसतंय. डुगडुगलं, तिरकं झालं आणि गडप.

रज्जाक म्हणाला, "आबा, गावात पैल्यांदा कोण बुडालं आसंल तर जॅकेटं!"

मी हसलो. दोरी हातातनं सुटता सुटता राहिली.

*

मग वरच्या माळावर प्लॉट मिळाले. घरं बांधायला मदत मिळाली. घरं झाली, रंग झाला, पूजा झाली. वर्षानं तपासणीला मोठे साहेब आले, गाडीतनं उतरले, एका घराच्या खिडकीतनं डोकावले. आत फरशी, वर पंखा फिरतोय आणि पंख्याखाली म्हैस!

दुसरं घर बघितलं. म्हैस. तिसऱ्यात म्हैस आणि रेडकू.

साहेब म्हणाले, "माणसं कुठं आहेत?"

हिराबाई शेण भरत होती. म्हणाली, "खाली."

"अहो, खाली तर पूर येतो!"

"म्हणून तर म्हशी वर आणल्या!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. तिला समजावायला लागले की बाई, म्हशीपेक्षा तुमचा जीव मोठा. ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "पावणं, मी मेले तर पोरं माझं बारावं घालतील. म्हस मेली तर पोरं काय खातील?"

खाली नदी आहे, ऊस आहे, चार पिढ्यांची चूल आहे. वर नळाला चार दिवसांनी पाणी. आम्हाला भीती वाटते, पण सवय तिच्यापेक्षा मोठी आहे.

साहेबांनी जाताना वहीत लिहिलं: 'सर्व घरे वापरात आहेत.'

*

एकदा मी मल्हारी न्हाव्याच्या खुर्चीत बसलेलो. अर्धी दाढी झालेली. एकाएकी दुकानातले सगळे मोबाईल एकदम किंचाळले. वाजले म्हणत नाही मी, किंचाळले! मल्हारी वस्तरा टाकून पळाला. मी अर्ध्या दाढीनं त्याच्या मागं. निम्मं गाव रस्त्यावर. मग कोणतरी मेसेज वाचला: ही फक्त चाचणी आहे.

दोन महिन्यांनी पाऊस कोसळत होता. मी त्याच खुर्चीत. मोबाईल परत किंचाळले. मी उठायला लागलो तर मल्हारीनं खांदा दाबला. "बसा ओ आबा, टेस्टिंग हाय."

वस्तरा माझ्या नरड्यावर होता आणि दुकानाच्या उंबऱ्यातनं पाणी आत येत होतं.

*

मधल्या एका साली मी लोकांना पळवलं. खरं सांगतो, त्या म्हशी गेल्यापासून माझ्या डोळ्यावर माझाच भरवसा राहिला नाही. पूर्वी पाऊस शहाणा होता. लागला की महिनाभर लागायचा, नदी सांगून सवरून चढायची. आता पंधरा दिवस धूळ उडते आणि मग दोन दिवसांत सगळा महिना ओततो. माझी मोजणी सुरू व्हायच्या आधी पाणी दारात. ढग काळा झाला की रात्रीत चारदा उठून नदी बघून येतो. कुणाला सांगत नाही, लाज वाटते.

तर त्या साली दोन दिवस जोराचा पाऊस झाला आणि मी गल्लीभर ओरडत सुटलो, "चला, वर चला! सगळं बुडतंय!" गल्ली माळावर गेली. चार दिवस म्हशींच्या घरात माणसं पाहुणी! एका बाजूला शेणमूत, दुसऱ्या बाजूला चूल. रज्जाकच्या नातीची सुपारी फुटायची होती, ती पुढं ढकलली.

आणि पाणी? तालमीच्या पहिल्या पायरीला शिवलं आणि मागं फिरलं.

उतरताना लोक मला वळसा घालून गेले. फक्त हिराबाई बोलली. "आबा, एकदा बसवून बुडीवलंसा, एकदा पळवून हसं केलंसा. आता तोंडात बिडी ठेवा आणि गप्प बसा."

*

गेल्या पावसाळ्यात गावाला नवीन तलाठीबाई आली. पोरगीच म्हणा, लातूरकडची. तिच्या गावाला पाणी टँकरनं येतं. तिनं भरलेली नदी कधी बघितली नव्हती. बिचारी सकाळपासून गल्लीत दारोदार फिरत होती. छत्री वाऱ्यानं उलटी झालेली, हातात मोबाईल. "वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत हो, निघा ना!"

एक म्हणाला, "टेस्टिंग हाय." एकीनं चहा पाजला. रज्जाकनं हात जोडले. त्याची तीच नात बाळंतपणाला आलेली, बाळ आठ दिवसांचं. "बाई, ओली बाळंतीण हाय. असल्या पावसात उगंच कुठं हलवू?"

दुपारी ती माझ्या दारात आली आणि रडायलाच लागली. "आबा, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, "माझं ऐकून काय झालं, ते तुला कोण सांगितलं न्हाय व्हय?"

तरी उठलो. नदीवर गेलो. नदी खळखळ करत असली की भ्यायचं कारण नसतं. त्या दिवशी तिचा आवाज नव्हता. साईसारखी गुळगुळीत, फुगलेली, गप्प. झाडं वाहत होती ती पण गप्प. काठी टेकत कसाबसा माघारी आलो.

बघतो तर सगळी गल्ली माझ्या दारात. रज्जाक पुढं. "आबा, खरं सांगा. बाळ आठ दिवसांचं हाय. पाणी येतंय का?"

चला म्हटलं तर हसणार होते. मी खिशातनं बिडी काढली. माझं तोंड कुणाला दिसू नये म्हणून पाठ फिरवून पेटवली. मग वळलो आणि मोठ्यानं म्हटलं, "येत न्हाय पाणी. काय हुत न्हाय. घरात जावा, जेवा निवांत."

तलाठीबाईचा चेहरा पांढरा पडला. "आबा! अहो, काय बोलताय हे!"

गल्लीत कोण हललं नाही. हिराबाई दोन पावलं पुढं आली. "येत न्हाय?"

"न्हाय."

"नक्की?"

"लिहून देतो. अंगठा लावून देतो."

ती गर्रकन वळली. "ऐकलंसा न्हवं? त्या साली ह्यो म्हातारा असंच बिडी ओढत म्हणाला आणि माझ्या दोन म्हशी गेल्या! रज्जाकभाई, बाळंतिणीला आधी काढा! ए पोरींनो, बघताय काय, उचला!"

तासाभरात गल्ली मोकळी. बाळंतीण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, वर ताडपत्री, बाळ रज्जाकच्या बंडीच्या आत. तलाठीबाई रस्त्याच्या मधोमध उभी, कधी लोकांकडं बघते, कधी माझ्याकडं. शेवटी ट्रॉलीतल्यांनी तिलाच वर ओढून घेतलं.

हिराबाई तेवढी माघारी आली. गुडघ्याएवढ्या पाण्यातनं, तोंडाचा पट्टा चालूच. "आणि तुम्ही? बसताय व्हय हितं निवांत जेवत? उठा!"

मी उठेना म्हणून ती मला ढकलून घरात शिरली. माझं अंथरूण गोळा करायला. आणि दारातच थांबली.

खाटेवर माझी वळकटी, स्टो, औषधांची पिशवी, रेशनकार्डाची डबी, सगळं सुतळीनं करकचून बांधलेलं.

"हे कवा बांधलंसा?"

मी म्हटलं, "सकाळी."